दरबारातून कानापर्यंत

संगीताचा इतिहास आपल्याकडे गाणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. घराणी कोणती, कोणी कोणाचा गंडा बांधला, कोणत्या नरेशाने कोणास आश्रय दिला, यांच्या वंशावळी आपल्याला पाठ असतात. परंतु त्याच काळी ऐकणारे कोण होते, ते कोठे बसत, ऐकण्यासाठी त्यांना काय मोजावे लागे आणि त्यांच्या कानापर्यंत नेमके काय पोचत असे, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. बडोदे शहराच्या बाबतीत ते विचारण्यासारखे आहेत. गाणे थोड्यांच्या मालकीचे न राहता पुष्कळांच्या आवाक्यात यावे, असा जाणूनबुजून प्रयत्न या नगरीत जितका झाला तितका हिंदुस्थानातील अन्य संस्थानांत क्वचितच झाला असेल. आज दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्यात राहणारा विद्यार्थी चारशे रुपयांचा इअरफोन कानात घालून फैयाजखांसाहेबांचा ललत ऐकतो, तेव्हा तो याच इतिहासाच्या एका टोकाशी बसलेला असतो. त्या चारशे रुपयांत खांसाहेबांचे गाणे किती येते आणि किती वाटेत गळते, हे पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे. वस्तू क्षुल्लक आहे खरी. पण पूर्वी तंबोऱ्याच्या गवसणीचीही निवड विचार करून केली जात असे, आणि इअरफोन तर गवसणीपेक्षा गाण्याच्या अधिक जवळ आहे.

प्रारंभ दरबारापासून केला पाहिजे. महाराज सयाजीराव गायकवाड यांची कारकीर्द १८७५ ते १९३९ अशी चौसष्ट वर्षांची. त्यांच्या आधीही बडोद्याच्या गादीने गवयांना पोसले होते. परंतु सयाजीरावांनी या आश्रयाला खात्याचे रूप दिले. १८९९ साली ‘कलावंत खात्याचे नियम’ मराठीत छापले गेले. गवई, वादक, कलावंतिणी यांच्या नेमणुका, पगार, हजेरी यांची त्यात व्यवस्था आहे. कलेला असा कारकुनी लगाम घातलेला पाहून आजच्या रसिकाला हसू येईल. आम्हाला मात्र त्या नियमांमागे एक गंभीर विचार दिसतो : जे प्रजेच्या पैशावर चालते, त्याचा हिशेब असला पाहिजे, आणि त्याचा काही वाटा प्रजेकडे परत गेला पाहिजे.

तो वाटा परत गेला तो मुख्यतः गायनशाळेच्या वाटेने. १८८६ साली मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांच्या हाती महाराजांनी ही शाळा सोपविली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसविली, क्रमिक पुस्तके तयार केली, आणि ज्या विद्येत शिरण्यासाठी आजवर उस्तादाच्या घरी जन्म घ्यावा लागे किंवा त्याच्या घरची पाणी भरण्यापासूनची सेवा करावी लागे, ती विद्या घंटेवर आणि वर्गात आणली. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यातच भरली. सूरसागराच्या काठावरील ती शाळा आज महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या संगीत-नृत्य-नाट्य विद्याशाखेच्या रूपाने नांदते आहे. ज्या राज्याने खेडोपाडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये पाठविली, त्याच राज्याने गाणे शाळेत आणले, हा योगायोग नव्हे. पुस्तक आणि सूर यांविषयी महाराजांची दृष्टी एकच होती.

आमच्या कोंकणी वाचकांना या कथेत आणखी एक धागा जवळचा वाटेल. दरबारगायक फैयाजखां यांच्याकडे शिकण्यासाठी बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन आलेला एक तरुण पुढे पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर म्हणून प्रसिद्धीस आला. त्यांनी लखनौच्या मॅरिस कॉलेजात जे शिष्य घडविले त्यांत चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, के. जी. गिंडे आणि दिनकर कैकिणी ही सारस्वत घरांतली नावे आहेत. बडोद्याच्या तिजोरीतून निघालेले ते थोडेसे रुपये लखनौमार्गे मुंबईच्या कोंकणी घरांत कसे पोचले, याचा हिशेब कोणत्याही नियमपुस्तकात सापडणार नाही.

परंतु शाळा आणि दरबार यांबाहेरही गाणे होतेच, आणि ते ऐकण्यास दाम पडत नव्हता. मांडवीनजीकच्या विठ्ठलमंदिरातून देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींची पालखी निघते, तिच्यापुढचे वाद्य रस्त्यावरील सर्वांचे असते. गोमंतकात मंगेशी किंवा कवळे येथील देवालयांत नगारखान्याचा चौघडा ऐकू आला, की साऱ्या गावाला वेळ कळे. घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या सुवारीला श्रोता वेगळा काढताच येत नाही. जो उभा आहे तो ताल धरतो. देवळातील ऐकणे हे असे सर्वांचे आणि एकाच वेळचे असते. मराठीत ‘ऐकणे’ म्हणजे कानावर घेणे आणि म्हणणे मानणे असे दोन्ही होते. कोंकणीतील ‘आयकप’ही तसेच. या दोन अर्थांत देवळाचा हात किती, हे भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावे.

यंत्र आले आणि हा सारा हिशेब बदलला. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरविले. बडोद्याचा आवाज त्यानंतर फार दिवस मागे राहिला नाही : मौलाबक्षांचे नातू इनायतखां, जन्म बडोदे १८८२, यांनी १९०९ साली ग्रामोफोन कंपनीसाठी तबकड्या गायिल्या आणि पुढच्याच वर्षी ते अमेरिकेस गेले. पाश्चात्त्य जगात ते सूफी गुरू म्हणून ओळखले जातात. त्या तबकड्यांत मात्र बडोद्याच्या परंपरेतला एक तरुण गवई आहे. अब्दुल करीमखांही काही काळ बडोद्यास होते. येथेच सरदार माने यांच्या घराण्यातील ताराबाईंशी त्यांची गाठ पडली, आणि त्यांची कन्या हिराबाई जन्मभर ‘बडोदेकर’ या आडनावाने गायिली.

त्या पहिल्या तबकड्यांतून किती येत असे? गायकाला एका कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. ध्वनीच्या धक्क्याने एक पडदा हाले, पडद्याची सुई मेणात रेघ ओढी. दर सेकंदास सुमारे दोनशे कंपनांखालचे आणि अडीच हजारांवरचे बहुतेक सारे या रेघेत येतच नसे. तंबोरा त्यात जवळजवळ नाहीसाच होई. १९२५ नंतर मायक्रोफोन व विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले, तेव्हा पाच हजार कंपनांपर्यंतचा आणि त्यापलीकडचाही मजकूर तबकडीत शिरला. फैयाजखांच्या गाजलेल्या तबकड्या या दुसऱ्या युगातल्या, १९३० नंतरच्या दशकातल्या. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे! ज्यांची नोमतोम ऐन मैफलीत तास तास चाले, त्यांना रामकली किंवा नटबिहाग एवढ्यात आटोपावे लागले, आणि तरी त्या तबकड्या ऐकताना खांसाहेबांना घाई झाली आहे असे कोठे जाणवत नाही. हे कसे साधले, याचा अभ्यास कोणी करील तर बरे होईल.

फोनो महाग होता. पण तो एकट्याने ऐकण्याची वस्तू नव्हती. ज्याच्या घरी फोनो, त्याच्या ओसरीवर आळी जमे. चावी देणारा एक, सुई बदलणारा दुसरा, आणि ऐकणारे पंधरावीस. नभोवाणीचेही प्रथम असेच झाले. बडोदे संस्थानाचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. ते १९४८ च्या अखेरीस आकाशवाणीकडे गेले. फैयाजखां १९५० च्या ५ नोव्हेंबरला बडोद्यास निवर्तले. त्यांच्या आवाजाचे जे थोडे विस्तृत नमुने आज उपलब्ध आहेत, त्यांतले महत्त्वाचे नभोवाणीच्या मुद्रणांतून वाचले आहेत, तबकड्यांतून नव्हे. रेडिओने काय काय हरवले हे आपण नेहमी सांगतो. त्याने काय राखले हेही सांगितले पाहिजे.

आता कानाकडे वळू. ऐकण्याचे यंत्र थेट कानाशी न्यावे ही कल्पना ग्रामोफोनइतकीच जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने नाट्यगृहातले गाणे तारेवरून दूर नेले आणि दोन कानांना दोन श्रवणनळ्या दिल्या. १८९१ साली मर्काद्ये या फ्रेंच अभियंत्याने कानाच्या भोकात बसेल असा हलका टेलिफोन-श्रावक काढला; कानात बसणाऱ्या आजच्या इअरफोनचा तोच पूर्वज. १९५४ साली अमेरिकेत रीजन्सी टी-आर-१ हा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आला, त्याला एका कानाचा इअरफोन जोडता येई. आपल्याकडे ट्रान्झिस्टर रुळला तो पुढे, आणि त्याने पहिल्याने ऐकविले ते मुख्यतः क्रिकेट. विजय हजारे यांच्या गावात दुसरे काय व्हावे! मोतीबागेवर सामना डोळ्यांदेखत चाललेला असताही कानाशी ट्रान्झिस्टर धरून बसणारे लोक त्या काळी दुर्मीळ नव्हते.

१९७९ च्या जुलैत जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन विकावयास काढला. त्या पहिल्या यंत्राला हेडफोनची दोन भोके होती, आणि एक बटण असे होते की ते दाबले असता गाणे मंद होऊन दोघे ऐकणारे एकमेकांशी बोलू शकत. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना असे वाटले होते, की एकट्यानेच ऐकणे हे इतरांशी असभ्यपणाचे ठरेल. लोकांना तसे वाटले नाही. पुढच्या नमुन्यांतून ते बटण गेले आणि दुसरे भोकही गेले. फोनोच्या ओसरीपासून आपण किती दूर आलो, हे त्या बुजलेल्या भोकाइतके स्पष्ट दुसरे काहीच दाखवीत नाही.

वॉकमनबरोबरचे हेडफोन कानावर टेकत. कान बंद करून आत बसणारा प्रकार आला तो बहिऱ्यांसाठीच्या श्रवणयंत्रांच्या धंद्यातून. मीड किलियन या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाच्या एटिमॉटिक कंपनीने १९९१ साली ई-आर-४ हा इअरफोन काढला. श्रवणयंत्रातला सूक्ष्म श्रावक त्यात बसविला होता आणि किंमत काही शे डॉलर होती. म्हणजे प्रथम तो संगीत-अभियंत्यांचा व हौशी धनिकांचाच राहिला. तेथून तो चारशे रुपयांवर कसा आला, हा चीनच्या कारखान्यांचा इतिहास आहे. २०१० नंतर शेन्झेनसारख्या नगरांतून अशा इअरफोनांच्या अनेक छापा निघाल्या, एकाने दुसऱ्याची नक्कल केली, दुसऱ्याने तिसऱ्याहून किंमत उतरविली, आणि हौशी लोकांनी मोजमापे घेऊन ती जगजाहीर केल्यामुळे नक्कल करणाऱ्यांनाही हळूहळू सुधारावे लागले. मौलाबक्षांनी जी विद्या वर्गात आणली तिला राजाचा पैसा लागला होता. ही स्वस्ताई मात्र निव्वळ बाजाराच्या चढाओढीतून झाली. बाजाराला तंबोरा ठाऊक नाही, आणि अडचण नेमकी येथेच आहे.

कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. उघड्या कानात ती बासरीप्रमाणे घुमते आणि दर सेकंदास तीन हजार कंपनांच्या आसपासचा ध्वनी आपोआप मोठा करते. व्यंजनांचा स्पष्टपणा आणि तारेची धार पुष्कळशी याच प्रदेशात असते. इअरफोनने नळीचे तोंड बंद झाले की हा नैसर्गिक घुमारा बिघडतो; म्हणून चांगला इअरफोन तो उंचवटा स्वतःकडून भरून देतो. न दिला तर गाणे गोधडीआडून आल्यासारखे वाटते. अधिक दिला तर कर्कश होते. दुसरी गोष्ट खर्जाची. खालचा सूर प्रबळ झाला की तो वरच्या सुरांना झाकतो. वरचा खालच्याला तितका झाकीत नाही. हा कानाचाच धर्म आहे, यंत्राचा नव्हे. नाचाच्या संगीतासाठी घडविलेल्या स्वस्त इअरफोनांत साठ ते दीडशे कंपनांचा प्रदेश फुगवलेला असतो, कारण दुकानात अर्धा मिनिट ऐकणाऱ्याला तोच आवडतो.

आता तंबोरा घ्या. पुरुषगायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे १३९ कंपनांचा असेल, तर खर्जाची तार सुमारे ७० ची. जवारी नीट लागलेली असली की त्या तारेतून पाचपट कंपनांचा, म्हणजे ३५० च्या आसपासचा स्वर आपोआप उमटतो; तोच स्वयंभू गंधार. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसता गंधार ऐकू येणे हे आपल्या संगीतातले एक आश्चर्य, आणि चारशे रुपयांच्या इअरफोनात जे पहिल्याने मरते ते हेच. सत्तर कंपनांचा खर्ज फुगून बसला की गंधार त्याच्याखाली दबतो, आणि गायकाने ज्याच्या आधाराने स्वर लावला तो आधारच आपल्याला ऐकू येत नाही. सूर बरोबर लागला हे कळते. कशाशी बरोबर, ते कळत नाही.

म्हणून आमची तुलनेची रीत साधी आहे. तंबोऱ्याचे एखादे चांगले मुद्रण लावावे आणि चार तारा मोजता येतात का ते पाहावे; मग गंधार शोधावा. त्यानंतर विलंबित ख्यालातला डग्गा ऐकावा. डग्ग्याची मींड, तळव्याच्या दाबाने वर चढणारा तो गुंजारव, वेगळा कळतो की नुसता धप् आवाज येतो? शेवटी जुनी तबकडी लावावी. येथे कसोटी उलटी होते. लाखेच्या तबकडीची खरखर वरच्या प्रदेशात असते. ज्या इअरफोनात पाच ते दहा हजारांचा भाग चढवलेला आहे, त्यात फैयाजखां पावसात उभे राहून गात आहेत असे वाटते.

या कसोट्यांना आम्ही जे उतरविले त्यातले थोडे सांगतो. २०१६ पासून बाजारात आलेल्या बोट या भारतीय छापेचा बासहेड्स १०० हा तारेचा इअरफोन चारशे रुपयांच्या आसपास विकला जातो आणि बडोद्याच्या कोणत्याही कॉलेजाबाहेर तो दिसतो. नावाप्रमाणेच त्याचा कल खर्जाकडे आहे. चित्रपटगीतांना, गरब्याला तो खुलवितो. डग्गा मात्र मोठा होऊन पुढे येतो आणि गंधार शोधावा लागतो. जेबीएल छापेचा सी १०० एस-आय याच कुळातला. या दोहोंना वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या कामासाठी ते केले ते काम ते करतात, आणि रबरी टोपी नीट बसली तर या किमतीत मिळणारा आवाज वीस वर्षांपूर्वी कोणी दिला नसता.

२०२२ साली चीनमधून दोन इअरफोन सुमारे वीस डॉलरांना आले : मूनड्रॉप छापेचा चू आणि सेव्हन हर्ट्झ छापेचा सालनोट्स झीरो. मौज अशी की चू, झीरो आणि चारशे रुपयांचा बासहेड्स, तिघांच्याही आतला ध्वनिपडदा दहा मिलिमीटरचाच आहे. डब्यावर छापलेल्या या आकड्याकडे पाहून इअरफोन घेणे म्हणजे भोपळ्याचा घेर मोजून तंबोरा घेण्यासारखे आहे. फरक आहे तो पडदा कशाचा, मागची पोकळी किती आणि आवाज कानाकडे येताना वाटेत कोणती गाळणी, यांत. झीरोत चार तारा सुट्या ऐकू येतात आणि गंधार शोधावा लागत नाही. पण तो काहीसा उजळ आहे. जुनी तबकडी त्यात फार वेळ ऐकवत नाही. चूचे गुण तसेच, आणि बांधणी धातूची. फक्त पहिल्या चूची तार इअरफोनला कायमची जोडलेली होती, म्हणजे तार तुटली की सारेच गेले. २०२३ च्या दुसऱ्या चूत ती सुटी करता येते. त्याच वर्षीचा झीरो टू खालच्या अंगाने थोडा भरलेला आहे. फैयाजखांचा रुंद, खालच्या पट्टीचा आवाज आणि तबकडीची खरखर या दोघांना एकाच वेळी सांभाळणारा म्हणून आमची पसंती याला आहे. इनायतखांच्या १९०९ च्या तबकड्यांसाठी मात्र कोणताही घ्या. त्या तबकड्यांत जे आहे ते चारशे रुपयांचा इअरफोनही पुरे देतो, आणि जे नाही ते लाख रुपयांचाही देणार नाही.

बिनतारी प्रकाराविषयी थोडे. त्यांच्या किमतीतला मोठा वाटा बॅटरी, ग्राहक-यंत्र आणि डबी यांतच जातो. तेवढ्याच पैशात तारेच्या इअरफोनमध्ये आवाज अधिक मिळतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलून देणारा कारागीर सहसा मिळत नाही. आमच्याकडच्या अशा एका जोडीचा डावा भाग वर्षाच्या आतच मुका झाला. उलट पक्षी, २०१६ पासून पुष्कळ फोनांना तारेचे भोकच राहिलेले नाही, तेव्हा तारेचा इअरफोन घेणाऱ्याने जोडणीचा तुकडा घेण्याची तयारी ठेवावी.

टोपीचे महत्त्व लोकांना पटत नाही. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा रबरी टोप्या येतात. बहुतेक जण आधीपासून चढवलेली मध्यम तशीच ठेवतात. ती सैल बसली तर खर्ज गळतो, आवाज पातळ होतो, आणि तो भरून काढण्यासाठी माणूस फोनचा आवाज वाढवितो. हे वाढविणेच घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकावा. ९० डेसिबलवर हीच मर्यादा अवघी ४ तासांची होते. मुलांसाठी ती आणखी खाली, ७५ डेसिबलच्या हिशेबाने धरतात. नवरात्रात ध्वनिक्षेपकांपुढे नऊ रात्री काढणाऱ्या आमच्या शहरात या आकड्यांकडे कोणी पाहील अशी आम्हाला फार आशा नाही. परंतु इअरफोनच्या बाबतीत उपाय हाताशी आहे. घट्ट बसणारी टोपी बाहेरचा गलका अडविते, म्हणून आतला आवाज कमी ठेवता येतो. अर्थात रस्त्यावर तीच टोपी भोंगाही अडविते. अलकापुरीचा किंवा रावपुऱ्याचा रस्ता ओलांडताना इअरफोन खिशात असावा.

भजन-कीर्तनाचा सराव करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण देवळांच्या भजनी मंडळांतून हल्ली चाली मोबाइलवर पाठविल्या जातात आणि मुले इअरफोन लावून त्यांबरोबर गातात. कान बंद असता स्वतःचा आवाज हाडांवाटे आत घुमतो. तो खरा आहे त्याहून मोठा आणि खर्जाचा वाटतो. बोट कानात घालून गुणगुणून पाहिले तरी हे कळेल. अशा कानाने गाणारा मुलगा इअरफोन काढून मंडळात बसला की चढा किंवा उतरा लागतो, आणि दोष त्याच्या गळ्याला दिला जातो. चाल ऐकावी दोन्ही कानांनी. गाताना एक बाजू काढून टाकावी. तंबोरा किंवा पेटी असेल तर दोन्ही.

वॉकमनचे ते दुसरे भोक बुजले, तरी त्याचे काम करणारा तुकडा अजून मिळतो. एका टोकाला एक जोडणी, दुसऱ्या टोकाला दोन. रावपुऱ्यातल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत तो थोडक्या पैशात मिळतो. दोन इअरफोन एकाच जातीचे असले तर दोघांना आवाज सारखा जातो. वेगळ्या जातीचे असले तर एकाला मोठा आणि दुसऱ्याला बारीक येतो, तेव्हा घेताना जोडीने घ्यावेत. नातवाने एक लावावा, आजोबांनी दुसरा. ललताची तबकडी साडेतीन मिनिटांत संपते, तेवढा वेळ दोघांनाही काढता येईल.